चिंचोके, काड्या आणि घरच्या शाळेचे एक वर्ष

शाळेत न जाणारे मूल म्हटले की आपल्याकडे लोकांच्या भुवया वर जातात. दूधवाल्यापासून लग्नात भेटणाऱ्या लांबच्या मावशीपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ‘मग दिवसभर करतो तरी काय?’ जून २०१८ ते जून २०१९ असे एक वर्ष आमच्या घरात या प्रश्नाचे उत्तर रोज नव्याने शोधावे लागले. शोधता शोधता हाताला जे लागले, ते आजारपणामुळे घरी बसलेल्या, सुट्टीत कंटाळलेल्या किंवा आई-वडिलांनी विचारपूर्वक शाळेबाहेर ठेवलेल्या कुठल्याही मुलाच्या उपयोगी पडेल असे वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही सावेडीत राहतो. प्रोफेसर कॉलनी चौकापासून चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. मी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली. मुलगा एमआयडीसीत, सून बँकेत, आणि नातू तेव्हा सात वर्षांचा, नुकताच दुसरीत गेलेला. त्याला आपण चिनू म्हणू. त्या उन्हाळ्यात तो लंगडू लागला. ‘खेळताना मुरगळला असेल’ म्हणत महिना गेला. मग क्ष-किरण तपासणी झाली आणि हाडांच्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, पर्थेस. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्यात बसतो. या आजारात त्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड ठिसूळ होते. लहान वयात ते बहुधा पुन्हा भरून येते, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षेही. डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली, ‘या पायावर भार द्यायचा नाही.’

त्याचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट नव्हती आणि वर्ग खाली आणणे शाळेला जमण्यासारखे नव्हते. ‘नाव पटावर ठेवू, परीक्षेला घेऊन या,’ एवढे त्यांनी मान्य केले. त्या रात्री सून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, ‘आई, मी राजीनामा देऊ का?’ तेरा वर्षांची नोकरी आणि घराचे कर्ज निम्मे फिटायचे राहिलेले. मी म्हणाले, ‘तू बँकेत जा. मी आहे ना घरात.’ बत्तीस वर्षे चाळीस-चाळीस मुले सांभाळली, एकाला सांभाळणे काय अवघड, असे मनात होते. प्रत्यक्षात चाळीस मुले एकमेकांना सांभाळत असतात. एकटे मूल सगळे तुमच्याकडेच मागते.

महागडी खेळणी आणि फुकटचे चिंचोके

आजारी मुलाला भेटायला येणारे रिकाम्या हाताने येत नाहीत. पहिल्या पंधरा दिवसांत आमच्याकडे ‘शैक्षणिक’ असा शिक्का असलेल्या खेळण्यांचा ढीग झाला. बॅटरीवर इंग्रजी मुळाक्षरे बोलणारी पाटी, बटण दाबले की टाळ्या वाजवणारा पाढ्यांचा तक्ता, तयार तुकड्यांचे विमान. प्रत्येक खेळणे चिनूने साधारण दोन दिवस खेळले. तिसऱ्या दिवशी पाटीला त्याला काही विचारायचे नव्हते आणि त्यालाही पाटीला काही विचारायचे नव्हते. या खेळण्यांत उत्तर आधीच भरून ठेवलेले असते. मुलाने फक्त बटण दाबायचे.

मग एका दुपारी मी फडताळातली चिंचोक्यांची बरणी काढली. चिंचोका भाजून फोडला की दोन दळे होतात. प्रत्येकाची एक बाजू पांढरी, एक तपकिरी. चार दळे हातात घोळवून टाकायचे आणि पांढऱ्या बाजू किती वर आल्या ते मोजायचे. एक वर तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन, चारही पांढरे तर ‘चल्लस’ म्हणजे चार, आणि चारही पालथे तर एकदम आठ! आपल्या आज्या-पणज्या याच दानावर पाटावर खडूने घरे आखून सोंगट्या चालवत असत.

चार-पाच दिवसांनी चिनूने स्वतःहून तक्रार केली, ‘आजी, मला आठ कधीच पडत नाही. सारखे दोनच पडतात.’ मी म्हणाले, ‘लिहून बघू या.’ शंभर वेळा दळे टाकले आणि प्रत्येक दानासाठी वहीत एकेक रेघ ओढली. दोन पडले अडतीस वेळा, एक सत्तावीस, तीन बावीस, चल्लस सात आणि आठ अवघे सहा. असे का? चारही दळ्यांवर पेनने अ, ब, क, ड लिहिले आणि दोन पांढरे कुठकुठल्या जोडीने येऊ शकतात ते मांडून पाहिले. अब, अक, अड, बक, बड, कड. सहा रीती! एक किंवा तीन पांढरे यायच्या चार-चार रीती, आणि चल्लस व आठ यांची एकेकच. चिंचोका नाण्यासारखा काटेकोर नसतो, तरी हिशेब जवळपास जुळला. ही संभाव्यता मुले वरच्या वर्गात शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. चिनू विसरणार नाही, कारण त्याला आठ हवे होते!

दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबरबँडने बांधून ठेवले होते, तेही असेच कामी आले. २९ म्हणजे दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या. मग त्याला ‘एकोणतीस’ का म्हणायचे? तिसऱ्या गठ्ठ्याला एक काडी कमी आहे, म्हणून. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीने ‘वीस सात’ अशी संख्या वाचण्याची रीत आली आणि महाराष्ट्रभर वादळ उठले. वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत वाद गेला. मला त्या वेळी वाटत होते, दोन्ही बाजूंच्या लोकांनी काड्यांचे गठ्ठे हातात घ्यावेत. मुलाला गठ्ठा दिसला की दोन्ही नावे कळतात, आणि नाही दिसला तर दोन्ही नावांची घोकंपट्टीच होते.

धांड्याचा मेकॅनो

माझे बालपण शेवगावकडच्या खेड्यात गेले. ज्वारीची कणसे खुडली की धांड्यांचे राज्य आमचे. धांडा सोलून साल वेगळी करायची आणि आतले पांढरे हलके भेंड वेगळे. सालीच्या काड्या भेंडात खोचल्या की बैलगाडी तयार! चाके, जू, साटी सगळे त्यातच. न खिळा, न डिंक. दिवाळीनंतर गावाकडून आलेल्या एका भावकीतल्या पोराने चिनूसाठी पेंढीभर धांडे आणले आणि आमची गॅलरी सुतारनेट बनली.

याच जातीची, पण शहरात बारा महिने मिळणाऱ्या वस्तूंची एक युक्ती अरविंद गुप्ता यांनी देशभर पोहोचवली आहे. गुप्ता आयआयटी कानपूरचे अभियंते. पुण्याला टेल्कोत नोकरीला असताना १९७८ साली ते रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या मुलांना प्रयोगशाळा कुठली? तिथे त्यांना आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांची जोडी सुचली. सायकलच्या दुकानात ‘वॉलट्यूब’ मागितली की ही नळी मिळते. नळीचा छोटा तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकांनी एकेक काडी खुपसायची, की लवचीक सांधा तयार. काड्यांचा गुल आधी खरवडून टाकायचा, हे मोठ्यांनी करावे.

या सांध्यांनी चिनूने आधी चौकोन केला. कोपऱ्याला दाबले की चौकोन कलंडून पतंगासारखा तिरका होई. मग त्रिकोण केला. तो कितीही दाबा, आकार सोडेना. चौकोनात कर्णाची एक काडी घातली आणि तोही ताठ झाला. दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेताना रिक्षातून बाहेर बघत तो ओरडला, ‘आजी, त्या टॉवरमध्ये सगळे त्रिकोणच आहेत!’ विजेच्या तारांचा मनोरा होता तो. त्यानंतर पूल, छपराच्या कैच्या, पाळण्याची चौकट, सायकलचा सांगाडा, सगळीकडे त्रिकोण शोधण्याचे त्याला वेडच लागले.

पुण्याच्या आयुका संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती इमारत उभी राहिली. २००३ पासून सुमारे अकरा वर्षे गुप्ता तिथे होते. टाकाऊ वस्तूंतून केलेली शेकडो खेळणी, त्यांची चित्रे आणि पुस्तके त्यांनी सर्वांना मोफत खुली करून दिली, मराठीतसुद्धा. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते चिनूच्या घरच्या शाळेचेच वर्ष. आमच्या दृष्टीने त्यांच्या खेळण्यांतले सर्वांत नामी म्हणजे विजेची मोटार. एक सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधला चुंबक आणि रिवाइंडिंगवाल्याकडे मिळणारी मुलाम्याची तांब्याची तार. तारेचे दहा-बारा वेढे देऊन गोल रिंग करायची आणि तिची दोन टोके सेलच्या दोन बाजूंना लावलेल्या सेफ्टी पिनांच्या भोकांत अडकवायची. यातली खुबी अशी की तारेच्या एका टोकाचा मुलामा पूर्ण खरवडायचा, पण दुसऱ्या टोकाचा फक्त एका अंगाने. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर रिंग थोडी हलते आणि थबकते. अर्ध्या फेरीत वीज मिळाली आणि अर्ध्या फेरीत तोडली, तरच ती गरगर फिरते. आमची मोटार पहिले तीन दिवस फिरली नाही. चौथ्या दिवशी फिरली, तेव्हा संध्याकाळी बँकेतून दमून आलेली सून पर्ससकट जमिनीवर बसून ती बघत राहिली.

गॅलरीतली वेधशाळा

घरात अडकलेल्या मुलाला आकाश देणे हे फार महत्त्वाचे. आमच्या गॅलरीत सकाळचे ऊन येते ते दुपारपर्यंत टिकते. कुंडीत एक सरळ काठी रोवली आणि दर तासाला सावलीचे टोक खडूने फरशीवर टिपले. दर आठवड्याला खडूचा रंग बदलला. डिसेंबरात सावल्या लांबल्या, त्यानंतर आखडू लागल्या. मे महिन्याच्या मध्याला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, आम्ही शून्य सावली पाहिली. सूर्य बरोबर डोक्यावर आणि काठीची सावली काठीच्याच पायाशी नाहीशी! नगरला हे वर्षातून दोनदा घडते. दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस येतो आणि बहुतेक ढगांत जातो. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तिथल्या मुलांना हे कधीच दिसत नाही, हे कळल्यावर चिनूला दिल्लीची दया आली.

चंद्राचीही वही होती. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघायची आणि रात्री चंद्र उगवण्याची वेळ लिहायची. तो रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येतो, हे त्यानेच शोधून काढले. ‘चंद्राला शाळेत उशीर होतो,’ ही त्याची टिपणी.

तिसरी वही पावसाची. सरळ उभ्या बाजूंची काचेची बरणी गच्चीवर ठेवायची आणि सकाळी पट्टीने पाणी मोजायचे. बरणी लहान असो की मोठी, तोंड आणि बूड सारखे असले की मिलिमीटर तेवढेच भरतात. मुलांना आधी हे पटत नाही, म्हणून दोन वेगळ्या बरण्या शेजारी ठेवाव्यात. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वीस मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन हजार लिटर! हा हिशेब त्याने सोसायटीच्या चेअरमनांना ऐकवला आणि पुढच्या बैठकीत गच्चीचे पाणी बोअरमध्ये सोडायचा विषय निघाला.

पण ते वर्ष वाईट होते. वहीची पाने कोरी जाऊ लागली. ऑक्टोबरात सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. चिनूने विचारले, ‘पाऊस आला नाही तर मी काय लिहू?’ मी म्हणाले, ‘शून्य लिही. शून्य हीसुद्धा नोंद आहे.’ मग फरशीवर रांगोळीने जिल्ह्याचा नकाशा काढला. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा आपला जिल्हा, चौदा तालुक्यांचा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर. तिथल्या घाटघर-रतनवाडीला ढग रिते होतात आणि पूर्वेकडच्या पाथर्डी-जामखेडला येईपर्यंत त्यांच्या हाती फारसे उरत नाही. पर्जन्यछायेचा हा धडा त्याने उशी मध्ये उभी करून आणि ओल्या स्पंजाचा ढग करून सगळ्यांना दाखवला. एकाच जिल्ह्यात कुणाची भातखाचरे तुडुंब आणि कुणाची जनावरे छावणीत, हे त्याला त्या वयात समजले. त्या वर्षी आमच्याही इमारतीला टँकर येत होता.

स्वयंपाकघराचा तास

अपूर्णांक शिकवायला स्वयंपाकघरासारखी जागा नाही. पाव वाटी, अर्धी वाटी, पाऊण वाटी हे मोजून इडलीचे पीठ भिजवणारे मूल छेद-अंशाला घाबरत नाही. आमच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ केली. ती आज घोकायला लावावी असे मी म्हणणार नाही, पण दीड किलो कांदे अठ्ठावीस रुपये दराने किती, हे तोंडी सांगता आले की मुलाचा चेहरा बघावा. गॅसच्या सिलिंडरवर रिकाम्या टाकीचे वजन छापलेले असते. त्यात १४.२ किलो मिळवले की भरल्या टाकीचे वजन मिळते. दशांश चिन्हाची बेरीज दारात येते, डिलिव्हरीवाल्याच्या काट्यावर पडताळूनही बघता येते.

आणि कॅलेंडर! कुठल्याही महिन्यात तीन ओळी आणि तीन रकाने असा नऊ तारखांचा चौकोन निवडा. मधल्या तारखेला नवाने गुणा. नऊही तारखांची बेरीज तेवढीच येते. मधली तारीख १६ असेल तर १४४. करून बघा. चिनूने या जादूवर भेटायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून एकेक गोळी जिंकली. ‘असं का होतं?’ हे विचारायला त्याला तीन आठवडे लागले, आणि मी ते तीन आठवडे गप्प राहिले. शिक्षकाला बोलणे सोपे जाते, गप्प राहणे शिकावे लागते.

वाचनासाठी ‘किशोर’चा आधार झाला. १९७१ पासून बालभारती हे मासिक काढते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर मोफत उघडता येतात. माझ्या मुलाने लहानपणी वाचलेला अंक चिनूने वाचला आणि जेवताना दोघांनी त्यातल्या चित्रांवर चर्चा केली. दिवसाला अभ्यास म्हणून आम्ही अडीच तासांहून अधिक काही केले नाही. बाकीचा वेळ हे सगळे.

हे आजचे नाही

हे सारे नव्याने शोधले असा आव मला आणायचा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केले. माँटेसरीबाईंची साधने उत्तम, पण महाग. ती आदिवासी पाड्यावर कोण नेणार? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले आणि बाजार, रस्ता, घर हेच पाठ्यपुस्तक केले. म्हणजे शाळेने घराकडून शिकावे आणि घराने शाळेकडून, असा हा जुना देवघेवीचा व्यवहार आहे.

आपल्या नगरशी तर घरच्या शिक्षणाचे जवळचे नाते आहे. सावित्रीबाई फुले आधी जोतीरावांकडून घरी शिकल्या आणि मग शिक्षिकेचे प्रशिक्षण त्यांनी नगरला मिस सिंथिया फरार यांच्याकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नाहीत. रेव्हरंड टिळकांनी घरात शिकवले तेवढेच. नगर-राहुरीत संसार केलेल्या या बाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिले आणि मराठी गद्याला एक लेणे मिळाले. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. या स्त्रिया घरी शिकल्या, कारण शाळेचे दार त्यांना बंद होते. ज्या क्षणी शिकल्या, त्या क्षणी सावित्रीबाईंनी दुसऱ्यांसाठी ते दार उघडले.

घर पुरते का?

आता अवघड प्रश्नाकडे येते. अलीकडे पुण्या-मुंबईत आणि आता आपल्याकडेही काही पालक मुलांना ठरवून घरी शिकवतात. त्यांची कारणे हलकी नसतात. दप्तराचे ओझे, मार, गुणांची शर्यत, मुलाचा वेगळा कल. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळा मिळवून देणे हा त्याचा रोख. ठरवून घरी शिकवणाऱ्यांबद्दल तो स्पष्ट बोलत नाही. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना मात्र २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा हक्क दिला आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे, आणि दहावी-बारावीसाठी आपला जुना ‘सतरा नंबरचा फॉर्म’ आहेच. तेव्हा वाट अगदीच बंद नाही.

पण माझ्या अनुभवाने मला दोन गोष्टींची काळजी वाटते. पहिली, घरी कोण बसणार? आमच्या घरी निवृत्त आजी होती, म्हणून सुनेची नोकरी टिकली. बहुतेक घरांत ‘घरची शाळा’ याचा अर्थ आईने नोकरी सोडणे असा होतो, आणि तो निर्णय बाबांच्या नोकरीबद्दल कधी घेतला जात नाही. दुसरी काळजी सोबतीची. ऑगस्टमध्ये चिनूने एकदा विचारले, ‘माझ्या बाकावर आता कोण बसतं?’ याला माझ्या बरणीत चिंचोका नव्हता. मग पन्नास पैशांची पोस्टकार्डे आणली. दर आठवड्याला तो वर्गातल्या एका मित्राला पत्र लिही, चित्र काढी, कोडे घाली. पहिली पाच पत्रे गेली, उत्तर एकालाच आले. पण त्या एकाने वर्गात कोडे फोडले आणि मग पत्रे येऊ लागली. शनिवारी दुपारी चार-पाच पोरे आमच्याकडे जमू लागली. त्यांत पाईपलाईन रोडवरच्या बंगल्यातली मुले होती, आमच्या वॉचमनची मुलगीही होती. चल्लस तिला सर्वांत जास्त पडे, आणि मातीचे बैल तर तिच्यासारखे कुणालाच जमत नसत. वेगळ्या घरातल्या, वेगळ्या ताटातल्या मुलांबरोबर बसणे हे जे शाळा न बोलता शिकवते, ते घराला मुद्दाम जमवून आणावे लागते. ज्यांना मुलांना घरी शिकवायचे आहे, त्यांनी साधनांच्या यादीत सर्वांत वर हेच लिहावे.

जून २०१९ मध्ये चिनू कुबड्यांशिवाय तिसरीच्या वर्गात गेला. त्या वर्षी त्याचा वर्ग तळमजल्यावर आला. मी विचारले नाही, पण कुणीतरी मनावर घेतले असावे. पाय थोडा आखूड राहिला आहे, बुटात उंच तळवा घालतो. मोठा होईपर्यंत तपासण्या चालतील.

आणि मग मार्च २०२० उजाडला. देशातल्या सगळ्याच मुलांची शाळा घरी आली आणि लहान वर्गांसाठी ती जवळजवळ दोन वर्षे घरीच राहिली. ज्यांच्याकडे मोबाईल होता त्यांना तास मिळाला, ज्यांच्याकडे नव्हता त्यांना तोही नाही. वॉचमनच्या मुलीकडे नव्हता. तेव्हा आमची खोकी बाहेर पडली. चिनूने स्वतः पाच खोकी भरली. प्रत्येकात वीस चिंचोके, दोन आगपेट्या, हातभर वॉलट्यूब, एक भिंग, दोरा, पट्टी, जुने कॅलेंडर आणि एक कोरी वही. खर्च मोबाईलच्या एका रिचार्जहून कमी. इमारतीच्या जिन्यात एकेका पायरीवर खोके ठेवायचे, मुलांनी न्यायचे, आठवड्याने बदलायचे. वहीत आधीच्या मुलाने काय केले ते लिहिलेले असे आणि पुढच्याने त्याच्या पुढे लिहायचे. एका खोक्यातल्या वहीत तिसरीतल्या एका मुलाने लिहिले होते, ‘मोटार फिरत नाही.’ खाली वॉचमनच्या मुलीच्या अक्षरात उत्तर होते, ‘एकच बाजू खरवड.’

ती मुलगी आता दहावीत आहे. खोक्यांपैकी तीन अजून फिरतात. ज्यांना करून बघायचे आहे त्यांनी बुटाच्या रिकाम्या खोक्यापासून सुरुवात करावी, आणि पहिल्याच दिवशी दोन खोकी भरावीत. एक आपल्या घरासाठी, दुसरे शेजारच्या घरासाठी.